आधी दर सांगा, मग ऑपरेशन करा

पिशोर भागातला अद्रक उत्पादक व्यापाऱ्याशी सौद्याला बसतो तेव्हा त्याला सहजासहजी कोणी फसवू शकत नाही. काल बाजारात काय भाव निघाला ते त्याच्या मोबाइलवर असते. जुन्या आणि नव्या मालाच्या भावातला फरक, बेण्याचा खर्च, काढणीची मजुरी हे सगळे त्याला तोंडपाठ असते. भाव पटला नाही तर तो अद्रक आणखी काही दिवस जमिनीतच राहू देतो. याच माणसाच्या छातीत मध्यरात्री कळ येते, घरचे त्याला गाडीत घालून संभाजीनगर गाठतात, काउंटरवर डिपॉझिट भरतात आणि पुढे येतील त्या कागदांवर सह्या करतात. एकूण खर्च किती येईल, याचा ठाम आकडा कोणी सांगत नाही. भाव न ठरवता सौदा करण्याची पाळी त्याच्यावर येते ती इथेच.

आरोग्यसेवा बाजारावर सोपवावी की सरकारने चालवावी, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून पेटतो. शेतकरी नेते शरद जोशींनी 1980 च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतमालाच्या भावाचा प्रश्न लावून धरला आणि पुढे बाजारस्वातंत्र्याचा विचार गावोगाव नेला. सरकारने हस्तक्षेप करून भाव पाडू नयेत, हा त्यांचा आग्रह शेतीत बिनतोड होता. मग रुग्णालयांना तोच न्याय का लावू नये? अमेरिकेत अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1962 मध्ये तो लावलाही. डॉक्टरांना परवाना सक्तीचा केल्याने त्यांची संख्या रोखली जाते आणि सेवा महागते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी दुसरी बाजू मांडली. आपल्याला नेमका कोणता उपचार हवा हे रुग्णाला कळत नाही, ते विकणाराच सांगतो, त्यामुळे हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. पुढे दोघांनाही नोबेल मिळाले.

अ‍ॅरो यांचे निदान अचूक होते याचा पुरावा भारतात स्टेंटने दिला. हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत बसवायची ही बारीक जाळी. देशी-विदेशी कंपन्या भरपूर, म्हणजे स्पर्धा होती. तरीही औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची सरासरी किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. कारण स्टेंट निवडतो डॉक्टर, खरेदी करते रुग्णालय आणि पैसे भरतो टेबलावर झोपलेला माणूस. कंपन्यांची चढाओढ लागली ती रुग्णालयाला जास्त मार्जिन कोण देते यावर. जितकी छापील किंमत मोठी, तितका मधल्यांचा वाटा मोठा. शेवटी फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कमाल दर ठरवले: लेप असलेल्या स्टेंटला 29,600 रुपये, साध्या स्टेंटला 7,260. ते करणे भागच होते. पण बिलात स्टेंट ही एकच ओळ असते. खोलीभाडे, तपासण्या, किरकोळ साहित्य या बाकीच्या ओळींवर तशी मर्यादा नव्हती.

दुसरी कीड कटची, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनची. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले, विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर माहीत असलेले. रुग्ण तपासणीला पाठवल्याबद्दल एका केंद्राकडून आलेला 1,200 रुपयांचा धनादेश त्यांनी परत केला आणि 2013 मध्ये वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. 2017 मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने कटविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. तो आजवर कायदा झालेला नाही. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्यांनी या कायद्यासाठी सर्वांत आधी रस्त्यावर यायला हवे होते. चिठ्ठी देणाऱ्याला पैसे मिळत असतील तर चांगले आणि स्वस्त केंद्र मागे पडते. मग स्पर्धा उरतेच कुठे?

सरकारने हात झटकावेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्याच्याकडे डिपॉझिटचेच पैसे नाहीत, त्याच्यासाठी भाव कळून काय उपयोग? त्याला संभाजीनगरचे सरकारी घाटी रुग्णालयच आधार आहे आणि राहणार. पण सरकारी पैसा इमारतीमागे न जाता रुग्णामागे जावा, ही बाजारवाल्यांची सूचना मोलाची आहे आणि महाराष्ट्राने ती स्वीकारलीही आहे. 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना, आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, रुग्णाला सरकारी किंवा यादीतले खासगी रुग्णालय निवडू देते. कुटुंबामागचे दीड लाखाचे कवच आता पाच लाखांवर गेले आहे. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. तरी हा वाटा कमी नाही. शिवाय योजनेतले पॅकेजचे दर वेळेवर सुधारले नाहीत आणि बिले थकली, तर चांगली रुग्णालये अंग काढून घेतात. कवचाचा आकडा वाढवून ती परत येत नाहीत.

दर आधी सांगता येत नाही, ही सबब सगळीकडे चालत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे पॅकेज आजही फोनवर सांगितले जाते. अमेरिकेत ओक्लाहोमा शहरातल्या एका शस्त्रक्रिया केंद्राने सर्व खर्च धरून प्रत्येक ऑपरेशनचा दर उघड जाहीर केला आणि तसा धंदा चालवून दाखवला. अमेरिकेतल्या सगळ्या रुग्णालयांना दर जाहीर करण्याची सक्ती 1 जानेवारी 2021 पासून झाली. योगायोग असा, की महाराष्ट्रानेही त्याच महिन्यात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले. खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलीच पाहिजे, असे हे नियम सांगतात. अपघातात किंवा झटक्यात दर विचारायला वेळ नसतो, हे खरे. पण हर्निया, मुतखडा, गुडघा, बाळंतपण यांना वेळ असतो आणि बहुतेक कुटुंबांची बचत अशाच उपचारांत जाते.

म्हणून पिशोर, कन्नड किंवा संभाजीनगरच्या कोणत्याही खासगी रुग्णालयात पाऊल ठेवल्यावर आधी भिंतीवरचे दरपत्रक शोधा. ते नसेल तर मागा. तरीही मिळाले नाही तर नोंदणी प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा आणि तिची पोच घ्यायला विसरू नका.