ओक ट्री रोडवरची पायपीट

बाबा अमेरिकेत आले की त्यांचा प्रश्न ठरलेला, "अरे, इथे माणसं चालत कुठे जातात?" मी विषय बदलायचो. गेल्या शनिवारी मात्र गाडीची किल्ली घरीच ठेवली आणि आयसेलिनमधून आम्ही दोघे दिवसभर चाललो.

आधी मेन्लो पार्क. १८७९ साली एडिसनचा दिवा उजळला तो इथेच. आता तिथे डोक्यावर भलामोठा बल्ब घेतलेला १९३७ सालचा मनोरा आहे. वाटेत फूटपाथ अर्ध्यातच संपला, मग गवतातून चाललो. समोरून चालत येणारं कुणीही नाही!

नंतर ओक ट्री रोड. साड्या, सोनं, मिठाई आणि फूटपाथवर माणसंच माणसं. बाबा रेंगाळले, एका अनोळखी आजोबांशी पेन्शनवर तासभर बोलले. याच रस्त्यावर मी इतकी वर्षं फक्त पार्किंग शोधत चिडलो होतो.

आईबाबांना इथे करमत नाही ते थंडीमुळे नव्हे. स्वतःच्या पायांनी कुठे जाता येत नाही म्हणून. पुण्यात रस्तारुंदीसाठी फूटपाथ कापताना आपण हाच एकटेपणा विकत घेतो.

असो. परतताना बाबा म्हणाले, "उद्या मी एकटाच येईन."

मी गप्प बसलो. मधला फूटपाथ आठवत होता.