टिपणांचा वाली कोण?

'कर्नल' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मिशांवर ताव देणारा फौजी अंमलदार उभा राहतो. मला ज्या कर्नलविषयी लिहायचे आहे तो फौजेतला नव्हे. बदामाचे कवच फोडल्यावर आत जो गर निघतो, त्या अर्थाचा हा इंग्रजी शब्द आहे. संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्या मधोमध बसून जो सगळा कारभार पाहतो, कोणाला किती मेमरी द्यायची, डिस्कवर केव्हा लिहायचे, पाळी कोणाची आधी आणि कोणाची नंतर हे ठरवतो, त्या गाभ्याला कर्नल म्हणतात.

कला शाखेच्या वार्षिकात हे लोढणे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. विज्ञान शाखेतले मित्र तर हसतीलच. पण हा विषय मी जाणूनबुजून निवडला आहे. माझा रूम-पार्टनर संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे, त्याच्यामुळे या कर्नलची टिपणे मी वाचू लागलो. आणि वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की येथे अडलेले घोडे यंत्राचे नाही. ते लिहिण्याचे, वाचण्याचे आणि लिहिलेले राखण्याचे आहे. त्यावर चार शब्द बोलण्याचा अधिकार भाषेच्या विद्यार्थ्यालाही असला पाहिजे.

प्रथम थोडा इतिहास. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स झाली. १९९२ मध्ये त्याने तिला जीपीएल नावाचा परवाना लावला. या परवान्याचे सार असे: मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी, मात्र पुढे वाटताना हाच हक्क घेणाऱ्यालाही द्यावा. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये हा कर्नल आहे. जगातील सर्वांत शक्तिमान पाचशे महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती निघते आणि एकेका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात.

संहिता सर्वांना खुली आहे, हे खरेच मोठे काम झाले. पण दार उघडे असणे वेगळे आणि आत गेल्यावर वाट सापडणे वेगळे. कोट्यवधी ओळींच्या त्या अरण्यात नवख्या माणसाला सोडून 'सगळे तुझेच आहे, वाच' असे सांगण्यात औदार्य कितीसे? वाटाड्या हवा. तो वाटाड्या म्हणजे डॉक्युमेंटेशन, ज्याला मी या लेखात 'टिपणे' म्हणतो. टिपणे नसतील तर विद्या गुरुमुखी राहते. ज्याला जाणत्यांचा सहवास लाभला तो शिकतो, बाकीचे दाराशी उभे राहतात. आपल्या समाजाला या दाराचा अनुभव नवा नाही.

लिनक्सची ही टिपणे ढोबळमानाने तीन ठिकाणी असतात. काही संहितेच्या पोटातच, त्या त्या फंक्शनच्या डोक्यावर ठरावीक पद्धतीने लिहिलेली असतात आणि एक लहानसा प्रोग्राम ती वेचून काढतो. काही संहितेबरोबरच येणाऱ्या 'डॉक्युमेंटेशन' नावाच्या फोल्डरात असतात. तिसरी म्हणजे 'मॅन पेजेस', मॅन्युअलची पाने. ती वेगळा प्रकल्प म्हणून चालतात आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने कर्नलकडे काय मागावे, उत्तराचा अर्थ काय घ्यावा हे सांगतात. या पानांची परंपरा १९७१ च्या नोव्हेंबरात निघालेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलपासूनची. त्या मॅन्युअलात 'बग्ज' असे एक शीर्षक असे. आपल्या कामात काय उणे आहे ते कर्त्यानेच तेथे लिहायचे. आपल्या पाठ्यपुस्तकांत असे एक शीर्षक असते तर किती बरे झाले असते!

'टिपणे कशाला? संहिता हेच टिपण!' असे म्हणणारा एक मोठा पंथ आहे. मला तो मुळीच मान्य नाही. संहिता एवढेच सांगते की यंत्र काय करते. ते मुद्दाम करते की अपघाताने, उद्याही तसेच करील की नाही, याबद्दल ती मौन पाळते. करणी संहितेत असते. वचन टिपणात असते. या भेदाची किंमत किती पडते, याचे एक उदाहरण सांगतो.

प्रोग्रामने कर्नलला 'लिही' म्हटले तरी कर्नल तत्काळ डिस्कवर लिहीत नाही. मजकूर मेमरीत ठेवतो आणि सवडीने उतरवतो. मजकूर महत्त्वाचा असेल तर प्रोग्राम 'एफसिंक' अशी हाक देतो. म्हणजे 'आता खरोखर डिस्कवर उतरव आणि झाले की मला सांग.' समजा डिस्क बिघडली आणि कर्नलने 'जमले नाही' असे कळवले. प्रोग्रामने पुन्हा हाक दिली आणि या वेळी 'झाले' असे उत्तर आले. मग आधीचा मजकूर पोचला असे समजायचे की नाही? माहितीचे प्रचंड साठे सांभाळणारा पोस्टग्रेस नावाचा प्रोग्राम सुमारे वीस वर्षे 'पोचला' असेच समजत होता. २०१८ मध्ये उघडकीस आले की लिनक्समध्ये तसे नव्हते. पहिल्या अपयशानंतर कर्नल तो मजकूर निकालात काढी, आणि दुसरे 'झाले' हे उरलेल्या कामापुरते असे. मजकूर डिस्कवर गेलेलाच नसे! दोन्ही बाजूंना जाणती माणसे होती आणि दोघांकडेही आपापली कारणे होती. परंतु मॅन्युअलच्या त्या पानावर या प्रसंगाचे स्पष्ट उत्तर नव्हते. अखेर २०१९ च्या फेब्रुवारीत पोस्टग्रेसने आपली रीत बदलली. असे अपयश आले की तो आता स्वतःला थांबवतो आणि आपल्या नोंदवहीवरून पुन्हा उभा राहतो. संहिता तर या सर्व काळात सर्वांना खुली होती. उणीव होती ती चार स्पष्ट वाक्यांची.

एकदा टिपण लिहिले म्हणजे काम संपले, असेही नाही. खरी गोम येथेच आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली हे आपण सर्व जाणतो. तेथे मूळ ग्रंथ स्थिर होता आणि नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडत गेले होते. नाथांना मुळाकडे परत जायचे होते. कर्नलच्या टिपणांची गोष्ट नेमकी उलटी आहे. येथे टिपण जसेच्या तसे राहते आणि मूळच दर दोन-अडीच महिन्यांनी पुढे सरकते. कोणी एका अक्षराला हात लावला नाही तरी कालचे खरे टिपण आज खोटे होते. खोटे टिपण हे टिपण नसण्यापेक्षा वाईट, कारण वाचणारा त्यावर विश्वास ठेवून पाऊल टाकतो. कर्नलच्या टिपणांतच एक मार्गदर्शिका आहे. जुनी, धूळ खात पडलेली आणि चुकीची टिपणे वाचकाची दिशाभूल करतात आणि त्यांच्यामुळे साऱ्याच टिपणांवरचा विश्वास उडतो, हे तीत मोकळेपणाने मान्य केले आहे.

म्हणून टिपणांना लेखक लागतो त्याहून अधिक राखणदार लागतो. तिकडे त्याला मेंटेनर म्हणतात. कर्नलच्या टिपणांचे मेंटेनर म्हणून जोनाथन कॉर्बेट यांनी दीर्घकाळ काम केले आहे. हे गृहस्थ प्रोग्रामर आहेत आणि लिनक्सविषयक एका साप्ताहिकाचे संपादकही आहेत. त्यांच्या देखरेखीखाली २०१६ मध्ये टिपणांची जुनी, अवजड मांडणी सोडून साध्या मजकुरासारखी लिहिता-वाचता येईल अशी मांडणी स्वीकारण्यात आली. शेकडो फायली एकेक करून नव्या मांडणीत आणायच्या, जिथे तिथे विखुरलेली टिपणे वाचक कोण आहे ते पाहून लावायची, आलेल्या प्रत्येक दुरुस्तीची शहानिशा करायची, असे हे काम. यात टाळ्या नाहीत. नवे यंत्र चालू करणाऱ्याचे नाव होते. जुने वाक्य खरे ठेवणाऱ्याला कोण विचारतो?

कर्नलबरोबर 'मेंटेनर्स' नावाची एक फाइल येते. कोणता भाग कोणाच्या सांभाळात आहे याची ती जंत्री. प्रत्येक भागापुढे त्याची स्थिती लिहिलेली असते. 'सपोर्टेड' म्हणजे या कामाचा कोणाला तरी पगार मिळतो. 'मेंटेन्ड' म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवून आहे. आणि ज्याला कोणीच उरले नाही त्याच्यापुढे शब्द असतो 'ऑर्फन', अनाथ. ही जंत्री वाचताना मला एखाद्या गावाची खानेसुमारी वाचल्यासारखे वाटले. निदान अनाथाला अनाथ म्हणण्याचा प्रामाणिकपणा तरी तिच्यात आहे.

मॅन्युअलच्या पानांचे काय झाले तेही पाहा. २००४ पासून सुमारे सोळा वर्षे ती मायकेल केरिस्क यांनी सांभाळली. त्यांच्यानंतर अलेहांद्रो कोलोमार यांनी धुरा घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये कोलोमार यांनी जाहीर केले की आपण वर्षानुवर्षे हे काम बिनपगारी करीत आलो, यापुढे मोबदल्यावाचून ते झेपणार नाही, सबब थांबतो. त्यानंतर कुठे काही कंपन्या खडबडून जाग्या झाल्या आणि पैशाची सोय लागली. ज्या पानांवर साऱ्या जगातले प्रोग्रामर रोज विसंबतात, त्यांच्या राखणदाराला हात जोडून थांबावे लागल्यावर किंमत कळावी, हा न्याय कुठला? याला मी कृतघ्नता म्हणतो.

आता कोणी म्हणेल, 'अहो, आता टिपणे यंत्रच लिहील!' लिहील ना. संहिता वाचून ती काय करते हे यंत्र बरेचसे सांगेलही. पण वर म्हटलेले वचन कोण देणार? कर्नलमध्ये प्रत्येक दुरुस्तीखाली पाठवणाऱ्याने आपले नाव घालून जबाबदारी स्वीकारायची असते. टिपणाच्या दुरुस्तीलाही तोच नियम. वाक्याखाली सही करणारा माणूसच लागतो. शिवाय यंत्र शिकते तेही याच टिपणांवरून. आडात शिळे असेल तर पोहऱ्यात ताजे कोठून येणार?

मित्रहो, येथे आपला संबंध येतो. शब्दाचा नेमका अर्थ, वाक्याची संदिग्धता, पाठभेद, वाचक कोण आहे याचे भान, ही तर आपल्या अभ्यासाची रोजची हत्यारे. तांत्रिक ज्ञानावाचून कर्नलची टिपणे लिहिता येतील असा माझा दावा नाही. ते शिकावे लागेल आणि जाणत्याला विचारावे लागेल. पण जुळत नसलेले संदर्भ, कालबाह्य परिच्छेद, दोन अर्थ निघणारी वाक्ये शोधून दाखवणे हा त्या कामाचा मोठा भाग आहे, आणि तो करायला बसणारी माणसे तिकडे थोडी आहेत.

या टिपणांची भाषांतरे चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश या भाषांत आहेत. मी पाहिले तेव्हा मराठी त्यांत नव्हती. ती असावी असे मलाही वाटते. पण उत्साहाच्या भरात भाषांतर सुरू करण्याआधी पुढची दहा वर्षे ते राखणार कोण, हे ठरले पाहिजे. मूळ बदलत राहील आणि आपले मराठी पान जुनेच राहील, तर आपण आपल्याच माणसाला चुकीच्या वाटेवर धाडू. उद्घाटनाची हौस आपल्याला पुष्कळ आहे. देखभालीची सवय कमी.

म्हणून प्राध्यापक मंडळींपुढे माझी एक सूचना आहे. भाषा विभाग आणि संगणकशास्त्र विभाग यांनी एकत्र बसून एक प्रकल्प द्यावा. दोन्हीकडचा एकेक विद्यार्थी घ्यावा आणि त्यांच्या हाती कर्नलचे एकच जुने टिपण द्यावे. त्यांनी ते आजच्या संहितेशी ताडून पाहावे, काय खरे राहिले आणि काय राहिले नाही ते लिहावे आणि दुरुस्ती तिकडच्या मेंटेनरकडे पाठवावी. या कामाला निबंधाइतकेच गुण असावेत. दुरुस्ती नाकारली गेली तरी चालेल, का नाकारली ते समजून घेण्यातही शिक्षण आहे.

नवे लिहिणारा तेवढा लेखक आणि जुने खरे ठेवणारा मात्र कारकून, हा आपल्या मनातला जातिभेद प्रथम मोडला पाहिजे. तो मोडला नाही, तर दारे सताड उघडी राहतील आणि आत जाण्याची वाट चार जणांनाच ठाऊक असेल.