हात पाहिजे, डोकं नको

आपल्या वाडीतली निम्मी पोरं डोक्यावर न्यूयॉर्क घालून फिरतात. कल्याण स्टेशनबाहेर शंभर-दीडशेत मिळणारी ती टोपी, एन आणि वाय ही दोन अक्षरं एकमेकांत गुंतवलेली. विचारलं की म्हणतात, फॅशन हाय. ती टोपी यांकीज नावाच्या बेसबॉल संघाची. साठएक वर्षांच्या बंदीनंतर १९४७ साली त्याच शहरातल्या ब्रुकलिनच्या डॉजर्स संघातून एक काळा खेळाडू मैदानात उतरला. यांकीजना मात्र आपल्या संघात काळा माणूस घ्यायला १९५५ साल उजाडावं लागलं. टोपी फेकून द्या असं मी सांगत नाही. माझ्याही डोक्यावर आहे, डॉकात उन्हाला बरी पडते. पण डोक्यावर काय घातलंय ते डोक्यात असावं.

मुरबाड-शहापूरच्या पोरांनी बेसबॉल कशाला वाचायचा? कारण यंदा गावात जे पेटलंय ते त्या खेळात आधी पेटून गेलंय. भाताची खाचरं मोकळी झाली की दोन्ही तालुक्यांत टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. तिकडं किन्हवली, इकडं सरळगाव, टोकावडे, धसई, रविवार म्हणून मोकळा सापडायचा नाही. नियम एकच. एक गाव, एक संघ. म्हणजे वाडीचा वेगळा संघ चालत नाही. मग गावाच्या संघात आपले तीन बॉलर लागतात, कातकरीवाडीतला तो गलोलवाला पोरगा लागतो (त्याच्यासारखा थ्रो मी दोन्ही तालुक्यांत बघितला नाही, बांधावरून सरळ स्टंपात). आणि कप्तान? कप्तान ठरतो देवळाच्या ओट्यावर, एकाच आळीतला, वर्षानुवर्षं. आम्हाला निरोप येतो. 'रविवारी सातला या, चेंडू नवा हाय.'

यंदा आपल्या पोरांनी विचारलं, कप्तानी आमच्याकडं का नाही? उत्तर आलं, 'खेळायला मिळतंय ना? मग?'

या 'मग'वर मला लिहायचंय.

बेसबॉलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण म्हणून जो दाखवतात तो १५ एप्रिल १९४७चा. म्हणजे आपल्या जयंतीचा दुसरा दिवस. आपली मिरवणूक उतरलेली असते, गळा बसलेला असतो, आणि तिकडं अमेरिकेत सगळ्या संघांतले सगळे खेळाडू, गोरे-काळे, पाठीवर ४२ नंबर घालून खेळतात. ४२ हा जॅकी रॉबिन्सनचा नंबर. १९९७ साली तो सगळ्या संघांनी मिळून त्याच्या नावे राखून ठेवला. चांगली गोष्ट आहे. आमच्याकडं कुणाचा नंबर राखतात? आमच्याकडं पाण्याचा हंडा राखतात.

पण त्या गोष्टीचा एक भाग फार गोडीनं सांगितला जातो. डॉजर्सचा कारभारी ब्रँच रिकी यानं जॅकीला संघात घेताना अट घातली की शिव्या खा, अंगावर आलेलं सोस, पण उलट हात उगारायचा नाही. पहिल्याच महिन्यात फिलाडेल्फियाचा मॅनेजर बेन चॅपमन मैदानाच्या कडेला उभा राहून त्याच्या रंगावरून घाण घाण शिव्या देत राहिला. जॅकी गप्प राहिला. त्याच साली तो उत्तम नवा खेळाडू ठरला, १९४९ साली आख्ख्या लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू. मी त्या माणसापुढं वाकतो. जबडा आवळून धरायला काय लागतं ते ज्यानं पोटासाठी मुकादमाच्या शिव्या ऐकल्यात त्याला सांगावं लागत नाही. माझं भांडण जॅकीशी नाही. त्याच्या गप्प राहण्याची जी पूजा चालते तिच्याशी आहे. दरवाजा ज्यांच्या ताब्यात असतो त्यांना गप्प बसणारा पाहुणा फार आवडतो.

जॅकी स्वतः शेवटपर्यंत गप्प राहिला का? तो क्षण ऐका, कारण तो फारसा कुणी सांगत नाही. १५ ऑक्टोबर १९७२. अजिंक्यपदाची वर्ल्ड सिरीज चालू होती, सिनसिनाटी शहरात. पंचवीस वर्षं झाली म्हणून जॅकीचा सत्कार होता. मधुमेहानं डोळे गेल्यात जमा होते. आभार मानून खाली बसायचं होतं. तो माईकवर म्हणाला की सत्काराचा आनंद आहे, पण एखादा काळा माणूस मॅनेजर म्हणून दिसेल तेव्हा जास्त आनंद होईल. सगळ्या देशाच्या टीव्हीवर. नऊ दिवसांनी तो मेला, वय ५३. १९७२ म्हणजे इकडं मुंबईत पँथर जन्मली ते साल.

बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे हिशेब ठेवणारा बाबू नव्हे. आपल्या क्रिकेटमध्ये मैदानावर कप्तान जे करतो ते तिथं मॅनेजर करतो. कुणी आधी मारायचं, चेंडू टाकणाऱ्याला कधी बदलायचं, कुणाला बसवायचं, सगळं त्याच्या इशाऱ्यावर. म्हणजे काळ्याचा हात १९४७ साली आत घेतला आणि डोकं बाहेरच ठेवलं. एक नाही, दोन नाही, अठ्ठावीस वर्षं. ८ एप्रिल १९७४ रोजी हँक ॲरननं ७१५ वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला, त्याआधी कित्येक महिने त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. तेव्हाही एकाही मोठ्या संघाचा मॅनेजर काळा नव्हता. बरोबर एक वर्षानं, ८ एप्रिल १९७५ला क्लीव्हलँडच्या संघाचा मॅनेजर म्हणून फ्रँक रॉबिन्सन मैदानात आला. आडनाव एकच, नातं नाही. तो अजून खेळतही होता. पहिल्याच खेपेला त्यानं होमरन ठोकला आणि संघानं सामना ५-३ असा जिंकला. समोर कोण होतं माहीत आहे? टोपीवाले यांकीज. पहिला चेंडू टाकायला जॅकीची विधवा रेचेल आली होती. माझ्या लेखी बेसबॉलमधला मोठा क्षण हा. पण तो टोपीवर छापत नाहीत.

हे सगळं समुद्रापलीकडचं म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी आता इकडचं सांगतो, पुण्या-मुंबईचं. अमेरिकेच्या कितीतरी आधीचं.

पालवणकर बाळू. चांभाराचा पोर, जन्म १८७६, धारवाडचा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये पगारावर मैदानाची कामं आणि नेटमध्ये साहेबांना बॉलिंग. तासन्‌तास बॉलिंग. बॅट कधी हातात दिली नाही, कारण बॅटिंग साहेबांची, घाम चाकराचा. हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून त्यांनी बाळूला घेतलं. मैदानावर त्यानं पुसलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात पीत आणि बाळूला बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवण वेगळं. चेंडू कातड्याचा, हे आणखी एक. कातडं चालतं, कातडं कमावणारा चालत नाही.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघानं युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, तेव्हा संघात बाळू होता आणि त्याचा भाऊ शिवरामही. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. बाळूनं तिथं सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले. कप्तान कोण? पतियाळाचे महाराज, वय एकोणीस. बळी पस्तिशीतल्या चांभाराचे, कप्तानी राजाची. त्यावर तेव्हाही कुणी म्हणालं असेल, खेळायला मिळतंय ना?

मग आलं १९२०. चौरंगी सामने. हिंदूंचे कप्तान पै आजारी पडले. बाळूला आधीच संघाबाहेर ठेवलेलं. धाकटा भाऊ विठ्ठल हा संघातला नावाजलेला फलंदाज, पण कप्तानी दिली दि. ब. देवधरांना. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी काय केलं? दात आवळले नाहीत. निवेदन काढून संघातून बाहेर पडले, कप्तानी जातीवर वाटली जाते हे उघड बोलून. पुढच्या सामन्याला पै परतले, दोघे भाऊ परत संघात आले, आणि जो बाळू आधी संघातच नव्हता तो उपकप्तान झाला. पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ हिंदूंचा संघ एका चांभारानं चालवला. तीन वर्षांनी, १९२३ला, विठ्ठल पुरता कप्तान झाला आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चषक नेला. लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतलं.

हिशेब मांडा. अमेरिकेत सोसून अठ्ठावीस वर्षं. इकडं उठून गेल्यावर उपकप्तानी त्याच स्पर्धेत आणि कप्तानी तीन वर्षांत. हिशेब एवढा सरळ नसतो हे मलाही कळतं. बाळूनं त्याआधी पंचवीस वर्षं मातीच्या भांड्यात चहा प्यायला होता, त्या घोटांवर विठ्ठल उभा होता. आणि हिंदूंना जिंकायची घाई होती, हे भाऊ नसले तर जिंकणं अवघड होतं. पण तेच तर म्हणतोय मी. आपले तीन बॉलर आणि तो गलोलवाला नसला तर यंदा गाव पहिल्या फेरीत घरी जाईल, हे ओट्यावरच्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

देवधरांबद्दल माझ्या मनात काही नाही, मोठा फलंदाज. १९७३ पासून त्यांच्या नावानं देवधर करंडक ही राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. रणजी, दुलीप, सगळ्यांच्या नावाचे करंडक आहेत. बाळूच्या नावाचा राष्ट्रीय करंडक नाही. पण दोष सगळा त्यांच्यावर ढकलायचा नाही मला. १९३७च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या बाजूनं बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५. पडला ते बरंच झालं. पण तेव्हापासून आपणही त्याचं नाव घेईनासे झालो. त्यांनी जातीसाठी विसरला, आपण मतासाठी. मत चुकलं म्हणून विकेट पुसायच्या का? अमेरिकेत २०२४ साली जुन्या निग्रो लीगचे आकडे मुख्य वहीत धरले गेले आणि जॉश गिब्सन हा काळा खेळाडू सरासरीत सगळ्यांच्या वर गेला, .३७२. मरून त्याला सत्याहत्तर वर्षं झाली होती. जॅकी उतरायच्या तीन महिने आधी तो गेला होता.

वहीचं म्हणाल तर गेल्या साली मी स्पर्धेची स्कोअरची वही बघितली. सगळ्यांची नावं आडनावासकट. गलोलवाल्यापुढं लिहिलेलं 'वाडीवाला'. चार कॅच, दोन रनआऊट, वाडीवाला. पोर दिवाळीनंतर आईबापासोबत वीटभट्टीवर जातं, सामन्यापुरतं कुणी मोटारसायकलवर आणून सोडतं आणि संध्याकाळी भट्टीवर परत. हात नेला, हात आणून ठेवला.

डॉकात हे मी रोज बघतो. ठेकेदार सकाळी माणसं मोजत नाही, हात मोजतो. 'आज वीस हात पाहिजेत.' बोजा कसा रचला तर ढासळणार नाही हे टोळीतल्या म्हाताऱ्याला ठाऊक असतं, पण त्याला विचारायची रीत नाही.

आपल्यातलेच काही म्हणतात, खेळात जात कशाला आणता, पोरांचा रविवार जाईल. जाईल. एक रविवार जाईल, दोन जातील. विठ्ठल-शिवरामांचाही सामना गेला होता. दुसरे म्हणतात, आपण आपल्या वेगळ्या स्पर्धा घेऊ. घ्याव्यात, घेतोच आपण जयंतीला. पण 'एक गाव' म्हणताना त्या गावात आपण नसलो तर तो आकडा खोटा आहे, आणि तो खोटा आकडा आपण भरून का द्यायचा?

निवेदन लांब नको. तीन मागण्या. कप्तान सगळ्या खेळाडूंनी हात वर करून निवडायचा. बैठक देवळाच्या ओट्यावर नाही, शाळेच्या पटांगणात, जिथं कातकरीवाडीचा पोरगाही खाली बसू शकेल. आणि वहीत प्रत्येकाचं नाव पूर्ण, आडनावासकट. गलोलवाल्याला भट्टीवर जाऊन विचारून यायचं, त्याच्या नावानं आपण परस्पर सही करायची नाही. शनिवारी पाळी संपली की कल्याणहून शेवटची एस.टी. धरून येतो. कागद मी आणतो, पेन तुम्ही आणा.