व्हीपीएन घेण्यापूर्वी थोडा हिशेब करा



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या चाळीतील एक ताई आपल्या मुलाला घेऊन घरी आल्या. मुलगा आयटीआय झालेला, नुकताच कामाला लागलेला. "दादा, याला जरा समजावून सांगा. मोबाईलसाठी तीन वर्षांचे कसलेसे कुलूप घ्यायचे म्हणतो," ताई म्हणाल्या. कुलूप म्हणजे व्हीपीएन. व्हीपीएन नसेल तर बँकेतले पैसे चोर पळवतात, अशी जाहिरात त्याने पाहिली होती. दिवाळीपूर्वी त्याच्या आईच्या खात्यातून 31,000 रुपये गेले होते, तेव्हा त्याची भीती काही खोटी नव्हती.

मी विचारले, "पैसे गेले त्या दिवशी आईच्या मोबाईलमध्ये व्हीपीएन नव्हते का?"

तो म्हणाला, "होते. मीच टाकून दिले होते. चालूही होते. पण ते फुकटचे होते ना! पैशाचे घेतले असते तर चोरी झाली नसती."

असा समज अनेक घरांत आहे. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

व्हीपीएन म्हणजे काय ते कारकुनाच्या भाषेत सांगतो. समजा, तुम्ही पत्र पाठवता. पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतला मजकूर दिसत नाही. इंटरनेटवर आज बहुतेक पत्रव्यवहार असाच बंद पाकिटातून होतो. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' ही अक्षरे असतात, ती या बंद पाकिटाची खूण. बँकेची व यूपीआयची ॲपही बंद पाकिटातच व्यवहार करतात. येथे पोस्टमन म्हणजे तुमची मोबाईल कंपनी, किंवा ज्याचे वायफाय तुम्ही वापरता तो.

व्हीपीएन घेतले म्हणजे तुम्ही ते पाकीट दुसऱ्या एका पाकिटात घालून एका मधल्या माणसाकडे पाठवता. तो बाहेरचे पाकीट फोडतो आणि आतले पाकीट स्वतःच्या पत्त्यावरून पुढे धाडतो. त्यामुळे पोस्टमनला फक्त मधल्या माणसाचा पत्ता दिसतो, तुम्ही शेवटी कोणाला लिहिले ते कळत नाही. पत्र ज्याला मिळते त्यालाही मधल्याचाच पत्ता दिसतो. पण तुम्ही कोणाकोणाला पत्रे लिहिता हे आता मधल्या माणसाला कळू लागते. म्हणजे विश्वास ठेवण्याची गरज संपत नाही, फक्त पोस्टमनऐवजी मधल्यावर विश्वास ठेवावा लागतो.

आता ताईंची गोष्ट पाहा. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल," असा संदेश आला. त्यांनी घाबरून त्यातल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या माणसाने गोड बोलून व्हॉट्सॲपवर एक फाईल पाठवली आणि ती मोबाईलमध्ये घ्यायला लावली. त्या फाईलमधून जे ॲप आत शिरले ते बँकेचे ओटीपी वाचू लागले. पैसे गेले ते असे. यात कोणी पाकीट वाटेत फोडले नाही. चोराला घरात आपणच बोलावले. फुकटचे असो वा महागाचे, कोणतेही व्हीपीएन हे थांबवू शकले नसते. चोराच्या नावाने लिहिलेले पत्र व्हीपीएन चोराकडे अगदी सुखरूप पोहोचवते!

मग व्हीपीएन निरुपयोगी आहे काय? तसेही नाही. त्याची खरी गरज कोणाला, ते पाहू.

पहिली गरज कचेरीच्या कामाची. घरून काम करणाऱ्या मुलामुलींना कंपनी स्वतःचे व्हीपीएन देते. 2020 च्या टाळेबंदीत अनेकांची कामे त्यावरच चालली. ते कचेरी देते, आपण विकत घ्यायचे नसते.

दुसरी गरज परक्या वायफायची. स्टेशन, लॉज, हॉटेल अशा ठिकाणी आपण कोणती संकेतस्थळे पाहतो हे वायफाय चालवणाऱ्याला कळू नये असे वाटत असेल, तर व्हीपीएन कामाचे आहे. पण पैशाच्या व्यवहारासाठी याहून सोपा आणि बिनखर्ची उपाय आहे: वायफाय बंद करा आणि स्वतःच्या सिमचा डेटा वापरा.

तिसरी गरज सामाजिक काम करणाऱ्यांची. एखाद्या पीडित भगिनीसाठी वकील, दवाखाना वा निवारा शोधायचा असतो आणि वायफाय असते गावातल्या वजनदार माणसाचे. अशा वेळी कार्यकर्त्याने व्हीपीएन वापरणे शहाणपणाचे आहे. "चोरी नाही केली तर लपवता कशाला?" असे विचारणारे भेटतात. त्यांना सांगावे की, 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. मात्र व्हीपीएन असले तरी तीच माहिती व्हॉट्सॲपच्या शंभर जणांच्या गटात टाकली, तर सगळी खबरदारी वाया जाते.

आता फुकटच्या व्हीपीएनविषयी. असा व्यवसाय चालवायला खर्च येतो. तो गिऱ्हाईक देत नसेल, तर कोणाच्या तरी खिशातून येतच असणार. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या आणि इतर शास्त्रज्ञांनी 2016 साली अँड्रॉइडवरील 283 व्हीपीएन ॲप तपासली. 38 टक्के ॲपमध्ये घातक प्रोग्रामच्या खुणा सापडल्या. 75 टक्के ॲपमध्ये वापरणाऱ्यावर पाळत ठेवणारे तुकडे बसवलेले होते. 18 टक्के ॲप तर पाकीट बंदच करत नव्हती! फेसबुकच्या मालकीचे 'ओनावो प्रोटेक्ट' हे ॲप माहिती सुरक्षित ठेवतो असे सांगत होते, आणि तीच माहिती फेसबुकच्या धंद्यासाठी वापरली जात होती. 2023 साली ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने या प्रकरणी फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून 2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

सगळेच फुकटचे वाईट असते असे नव्हे. 'प्रोटॉन' या कंपनीची मोफत सेवाही आहे. तिचा खर्च पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांकडून निघतो, हे कंपनी उघड सांगते. तेव्हा फुकट का, असा प्रश्न आधी विचारावा आणि सरळ उत्तर मिळाले तरच पुढे जावे.

ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी पुढील गोष्टी पाहून निवड करावी.

1. कंपनीचा मालक कोण आणि कचेरी कोणत्या देशात, हे स्पष्ट लिहिलेले असावे.

2. "आम्ही नोंदी ठेवत नाही" असे सगळेच लिहितात. बाहेरच्या तपासनिसाने त्याची तपासणी केली आहे का, ते पाहावे. जमाखर्च स्वतःच लिहायचा आणि स्वतःच तपासायचा, हे आम्ही वाणिज्य शाखेवाले मान्य करत नाही. स्वीडनमधील 'मुलवाड' या कंपनीच्या कचेरीत एप्रिल 2023 मध्ये पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन गेले, पण गिऱ्हाइकांची माहिती साठवलेलीच नसल्याने रिकाम्या हाताने परतले. दावा खरा ठरतो तो असा.

3. व्हीपीएन चालवायला तुमचे संपर्क, संदेश वा फोटो लागत नाहीत. ॲप ते मागत असेल तर काढून टाकावे.

4. मधला दुवा तुटला तर इंटरनेटही आपोआप थांबेल, अशी सोय असावी. तिला 'किल स्विच' म्हणतात.

5. तीन वर्षांचे पैसे एकदम भरू नयेत, एक महिना वापरून पाहावे. पहिल्या मुदतीचा दर कमी आणि पुढचा जास्त, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी असतो. आपोआप पैसे कापले जाण्याची मंजुरी दिली असल्यास तारीख लिहून ठेवावी.

कायद्याचेही पाहू. भारतात व्हीपीएन वापरण्यावर सरसकट बंदी नाही. पण 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, फोन इत्यादी माहिती 5 वर्षे ठेवायची आहे. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हे लागू नाही. यानंतर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर हलवले. मधला माणूस परदेशात बसलेला असल्यामुळे काही बँका व सरकारी संकेतस्थळे आपल्याला परदेशी समजून अडवतात. अशा वेळी व्हीपीएन बंद करून व्यवहार करावा. आपले भाऊबंद दुबई-अबुधाबीला असतील तर त्यांना सावध करावे. व्हीपीएनआडून गुन्हा केल्यास किंवा लपवल्यास तेथे 5 लाख ते 20 लाख दिरहम दंडाची तरतूद आहे.

त्या मुलाला मी शेवटी म्हटले, "तुझ्या आईच्या मोबाईलला व्हीपीएनची गरज नाही. तिला वेगळी कामे करून दे." आम्ही तेथेच बसून ती केली. फुकटचे व्हीपीएन काढले. व्हॉट्सॲप व ब्राउझरला बाहेरून ॲप बसवण्याची असलेली परवानगी बंद केली. व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणीचा पिन लावला. 'संचार साथी'वर आईच्या नावाने किती सिम आहेत ते पाहिले. आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले : पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. फसवणूक झाली तर लगेच 1930 वर फोन करायचा.

या 'लगेच' शब्दाला फार महत्त्व आहे. चोराने पैसे काढून घेण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ते पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात. ताईंनी तक्रार केली पाचव्या दिवशी. मी कारण विचारले. त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या, "हा रागावेल म्हणून सांगितलेच नाही."

मुलगा खाली मान घालून बसला.

बंधू-भगिनींनो, घरातील आई, मावशी, आजोबा फसले तर त्यांना रागावू नका. आजच त्यांना सांगून ठेवा, "काही झाले तर आधी मला सांगा, मी बोलणार नाही." तीन वर्षांच्या व्हीपीएनपेक्षा या एका वाक्याने घरातले पैसे वाचण्याची शक्यता जास्त आहे, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.