लिनक्सवर चॅटिंगला कोणतं ॲप घेऊ?

मित्राने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि विचारलं, चॅटिंगला कोणतं ॲप घेऊ? खरं सांगू का, निवड आपल्या हातात राहिलेलीच नाही.

2010 च्या सुमारास मी पिजिन वापरायचो. याहू, गूगल टॉक, फेसबुक, सगळे एकाच खिडकीत. गूगल टॉक तर एक्सएमपीपी या खुल्या पद्धतीवर चालायचं, दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशीही बोलता यायचं. मग एकेकाने दारं लावली, फेसबुकने 2015 मध्ये. पिजिन अजून आहे हो, पण माणसं तिथे नाहीत.

आज टेलिग्राम, सिग्नल लिनक्सवर मिळतात. व्हॉट्सॲपचं अधिकृत ॲप नाही. ब्राउझरमध्ये उघडा आणि गप्प बसा. आणि मुलीच्या शाळेच्या सूचना, सोसायटीत पाणी कधी येणार, सगळं तिथेच!

यूपीआयमध्ये माझं ॲप वेगळं, भाजीवाल्याचं वेगळं, तरी पैसे जातात ना? मग मेसेज का नाही? युरोपने 2022 मध्ये कायदा करून व्हॉट्सॲपसारख्यांना हे बंधनकारक केलं. आपल्याकडे ही मागणी तरी कोण करतंय?

मित्राला सिग्नल टाकून दिलं. त्याच्या ओळखीतले माझ्यासकट तिघंच निघाले तिथे.