रबरी नावेला मोटार किती मोठी?

हिडकल आणि नविलतीर्थ या धरणांच्या काठी आता हवा भरायची रबरी नाव अधूनमधून दिसू लागली आहे. शेतीची कामे आटोपली की संध्याकाळी गळ टाकायला, घरापुरते मासे आणायला तरुण मंडळी ती वापरतात. नाव घेतली की पाठोपाठ मोटारीचा प्रश्न येतो, आणि दुकानदार असो वा शेजारी, सल्ला बहुधा एकच मिळतो : घ्यायचीच तर मोठी घ्या. आम्हांला हा सल्ला चुकीचा वाटतो. पैशाच्या दृष्टीने तर तो चुकीचा आहेच, पण जिवाच्या दृष्टीने अधिक.

ज्यांच्या शेतात विहीर आहे त्यांना हे पटवायला फार वेळ लागू नये. विहिरीला पाणी तीन हॉर्सपॉवरच्या पंपापुरते, आणि वर बसवला साडेसातचा, तर काय होते? घटकाभरात पंप हवा ओढू लागतो, विजेचे बिल वाढते आणि शेताला पाणी मिळते तेवढेच. नावेचेही तसेच आहे. पाणी ढकलत चालणाऱ्या नावेपुढे एक लाट उभी राहते आणि त्या लाटेवर चढणे तिला जमत नाही. नावेची पाण्यात टेकलेली लांबी जेवढी, तेवढीच तिच्या वेगाची मर्यादा. तीन मीटरच्या रबरी नावेची ही लांबी अडीच मीटरच्या आसपास भरते, म्हणजे तासाला सात किलोमीटरच्या पुढे तिची मजल सहसा जात नाही. लाट ओलांडून पाण्यावर घसरत जायचे असेल तर तळ कडक हवा आणि वजन कमी हवे. दोन मोठी माणसे, जाळे, माशांची टोपली आणि पेट्रोलचा डबा असे ओझे असेल, तर पाचची मोटार लावूनही नाव बहुतेक वेळा नाक वर करून रेंगाळत राहते. पेट्रोल मात्र भरपूर पिते.

आणि हे नाक वर करणेच घातक आहे. मोटार मागच्या फळीवर, ती चालवणारा मागे, डबाही मागे. पुढे केवळ हवा. अशा वेळी एकदम जोर दिला आणि समोरून वाऱ्याचा झोत आला, तर हलकी नाव मागच्या मागे उलटू शकते. अडीच हॉर्सपॉवरच्या फोर-स्ट्रोक मोटारीचे वजन सतरा-अठरा किलो असते. पाच-सहाची पंचवीसच्या पुढे जाते. ती नावेत चढवताना कंबरेची काय गत होते ते पोती उचलणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून नावेवर चिकटवलेली पाटी आधी वाचावी. तिच्यावर माणसे किती, ओझे किती आणि मोटार जास्तीत जास्त किती हे लिहिलेले असते. मोटारीचा आकडा बहुधा किलोवॅटमध्ये असतो. तीन किलोवॅट म्हणजे चार हॉर्सपॉवर. हा आकडा शेवटची मर्यादा आहे, तेवढी मोटार घ्यावीच असा त्याचा अर्थ नव्हे. जिच्यावर पाटीच नाही अशी नाव कितीही स्वस्त मिळाली तरी तिला मोटार लावू नये.

मग मोटार हवी कशाला? आमच्या मते, वाऱ्याविरुद्ध काठाला परत येण्यासाठी. रबरी नाव पाण्यात फार बुडत नाही, त्यामुळे वारा तिला पालापाचोळ्यासारखी ढकलतो. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वळवाचे वादळ उठते तेव्हा धरणाच्या मध्यावर असलेल्या माणसाला वेगाचा उपयोग नसतो, रेट्याचा असतो. नांगराला ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये लागतो, तसा ओझ्याच्या नावेला कमी पिचचा पंखा लागतो. म्हणजे एका फेऱ्यात थोडेच अंतर कापणारा, पण जोर धरणारा. मोटार घेताना दुकानात हे विचारणारे थोडेच, आणि नीट उत्तर देणारे त्याहून थोडे. आपली ही धरणे समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच असल्यामुळे इंजिनाची ताकद शेकडा सहाच्या आसपास घटते. तेवढ्यासाठी मोठी मोटार घेण्याचे कारण नाही.

तीन मीटरपर्यंतची नाव, दोन माणसे आणि धरणाचे पाणी यांसाठी अडीच हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटार पुरेशी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पूर्ण जोराने चालवली तर तासाला साधारण लिटरभर पेट्रोल लागते. दांडा आखूड, म्हणजे पंधरा इंची घ्यावा. वीस इंची दांडा लहान नावेला खोल पडतो आणि उथळात आपटतो. टू-स्ट्रोक हलकी असते हे खरे, पण तिचे जळके तेल त्याच पाण्यात उतरते जे पुढे कुणाच्या तरी घागरीत जाते. फोर-स्ट्रोकची एक खोड ध्यानात ठेवावी : जीपमध्ये ती कशीही आडवी टाकली तर तेल सिलिंडरमध्ये शिरते. कोणत्या कुशीवर ठेवायची ते पुस्तिकेत लिहिलेले असते. पेट्रोल भरायचे ते काठावर. त्याची वाफ जड असते आणि नावेच्या तळाशी साचून राहते.

गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवलेली स्वस्त मोटारही विकत मिळते. तिचा आवाज कानांचा बळी घेतो, आणि अनेकींना न्यूट्रलही नसते. अशी मोटार आम्ही घेणार नाही.

काठापासून फार दूर जायचे नसेल तर विजेची मोटार उत्तम. बारा व्होल्टवर चालणारी, पंचावन्न पौंड रेट्याची मोटार पूर्ण जोरात पन्नास अँपिअरच्या आसपास ओढते. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अर्धीच वापरावी, म्हणजे तासभर पूर्ण जोर. हळू चालवल्यास बराच जास्त वेळ. बॅटरी पूर्ण भरायला दीड युनिटभर वीज पुरते. मात्र ट्रॅक्टरची बॅटरी काढून नावेत ठेवू नये. ती क्षणभर मोठा झटका देऊन इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली असते. वरचेवर खोलवर उतरवली की लवकर निकामी होते, आणि मग पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर जागचा हलत नाही. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी हे काम करते, पण दीडशे अँपिअर-तासांची असेल तर तिचे वजन एका माणसाएवढे भरते. मग नावेत एक माणूस कमी बसवावा. बॅटरी झाकणाच्या पेटीत ठेवावी. तिचे आम्ल कातडीलाही लागते आणि नावेलाही.

मोठ्या मोटारीतून वाचलेले पैसे कुठे घालावेत? प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट आणि दोन मजबूत वल्ही. जॅकेट अंगावर बांधलेले हवे, उशीखाली नव्हे. पेट्रोल मोटारीला एक लाल दोरी येते. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पायाला अडकवायची असते. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होते. ती न बांधता कुणी पडले, तर रिकामी नाव गरगर फिरत त्याच माणसावर येते आणि पंखा त्याला कापतो. ‘आपण कशाला पडतोय’ म्हणून दोरी खिशात ठेवणारे शूर वीर पाहिले की आम्हांला त्यांच्या घरच्यांची काळजी वाटते.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरते तेव्हा बुडालेल्या शेतांतले बाभळीचे बुंधे, कुंपणाच्या तारा, जुन्या विहिरींचे कठडे पाण्याच्या जेमतेम खाली येतात. अशा ठिकाणी मोटार वर उचलून वल्ह्यांनीच जावे. पंख्याची पिन, प्लग आणि पाना एका डब्यात घालून नावेत ठेवावे. पिन बुंध्यावर तुटते. पंखा वाचावा म्हणून ती मुद्दाम मऊ केलेली असते.

धरणातली मासेमारी परवान्यावर किंवा ठेक्यावर चालते, तेव्हा नाव पाण्यात घालण्यापूर्वी मत्स्य खात्याच्या कचेरीत चौकशी करावी. ज्यांचे पोट या पाण्यावर आहे ते मच्छीमार दिवस मावळताना जाळी लावतात आणि पहाटे काढतात. मोटारीच्या पंख्यात एक जाळे गुंतले तर आपली संध्याकाळ वाया जाते, त्यांची मात्र कित्येक दिवसांची कमाई जाते. काठावर त्यांना विचारले, तर जाळी कुठून कुठवर आहेत ते ते हात करून दाखवतात.