संशोधनातला गृहीत माणूस

काम टाळणाऱ्याला मराठीत आपण ‘अंगचोर’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘मैगळ्ळ’. ‘मै’ म्हणजे अंग, ‘कळ्ळ’ म्हणजे चोर. दोन्ही भाषांचा निकाल एकच : कमी काम करील तो चोर. बोलण्यात हे खपून जाते. पण शास्त्रानेही निकाल आधी ठरवून मग पुरावा गोळा केला, तर?

व्यवस्थापनाच्या तासाला आपण हॉथॉर्नचे प्रयोग शिकतो. शिकागोजवळच्या या कारखान्यात नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात टेलिफोनच्या यंत्रांच्या जोडणीचे काम करणाऱ्या १४ कामगारांचे निरीक्षण झाले. उत्पादन वाढले तर मजुरी वाढणार होती. तरीही रोज किती काम करायचे, हे त्यांनी आपसात ठरवून टाकले होते. कोणी जास्त केले तर त्याच्या दंडावर बुक्का बसे. कारण विचारता ते सांगत, ‘काम वाढवले तर दर उतरतील, नाहीतर कोणाची तरी नोकरी जाईल.’

रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात या उत्तराला फारसे वजन दिले नाही. कामगार हिशेबाने नव्हे, तर गटाच्या भावनेने वागतात, असा त्यांचा निष्कर्ष. वास्तविक दर कापले जाण्याची भीती टेलरनेही १९११ मध्ये मान्य केली होती. शिवाय ते दिवस महामंदीचे होते. काम कमी पडल्याने खुद्द ही पाहणीच बंद करावी लागली! मग ती भीती भावना कशी?

मागणी घटली की कारखानदार उत्पादन रोखतो. आपल्या पुस्तकात त्याला धोरण म्हणतात. मजुराने तेच केले की ती भावना होते. हा फरक निरीक्षणातून निघालेला नाही. हिशेब करणारा माणूस एका बाजूचा आणि भावनेने चालणारा दुसऱ्या बाजूचा, हे आधीच गृहीत धरलेले होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, काहीच गृहीत न धरता संशोधन होईल कसे? खरे आहे. जमाखर्चातही आपण धंदा पुढे चालू राहणार असे धरूनच ताळेबंद मांडतो. पण ते गृहीत सर्वांना ठाऊक असते आणि ते खरे नसेल तर हिशेबतपासनीस तसे लिहितो. समाजशास्त्राच्या पाहणीत मात्र आकडे समोर असतात आणि गृहीत माणूस प्रश्नावलीच्या आड दडलेला असतो.

माझी मागणी मोठी नाही. पाहणी करणाऱ्याने, मग तो प्राध्यापक असो की आपल्यासारखा विद्यार्थी, पहिल्याच पानावर लिहावे : ‘मी माणूस असा धरला आहे.’ आणि ज्यांची पाहणी केली त्यांचे म्हणणे निष्कर्षाशेजारी छापावे. उद्या आपल्यापैकी कित्येकजण कचेऱ्यांत बसून असेच अहवाल वाचतील आणि त्यांवरून कोणाची तरी मजुरी ठरवतील. अंगचोर कोण हे ठरवण्यापूर्वी त्याचाही हिशेब एकदा ऐकायला नको का?